काखेत कळसा: टर्बो इंजिनाचं टायमिंग इथेनॉलवर बसवताना

टर्बो गाडी इथेनॉलवर ट्यून करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: टायमिंग किती डिग्री पुढे घ्यायचं, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती लवकर पाडायची? आकडा सांगणारे भरपूर भेटतात. कुणी म्हणतं सरसकट चार घाला, कुणी म्हणतं सहा. नोव्हेंबर ते मार्च असं हे काम सांगलीत चाललं, डायनोचे (गाडी रोलरवर चालवून टॉर्क मोजणाऱ्या यंत्राचे) दोन दिवस तेवढे पुण्यात. शेवटी हातात आलेल्या टेबलात ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आणि ई५० (५० टक्के इथेनॉलचं) यांत कुठे शून्य डिग्रीचा फरक आहे, कुठे पाचचा. तो तसा का, आणि तिथपर्यंत पोचताना काय काय अडलं, ते क्रमाने लिहितोय.

इंजिन फियाटचं १३६८ सीसीचं टी-जेट. चार सिलिंडर, बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ८४ मिमी, कॉम्प्रेशन ९.८ला १, पोर्ट इंजेक्शन (इंधन सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं). यातलं पोर्ट इंजेक्शन महत्त्वाचं. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत हाय-प्रेशर पंपाची मर्यादा आधी आडवी येते, टायमिंगची पाळी नंतर.

आधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ नोंदींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पेट्रोल म्हणून नोंदलेल्या गाडीत पंपावरचं ई२० चालतं, ई५० भरून हायवेवर फिरणं ही वेगळी गोष्ट. म्हणून गाडी प्रोजेक्टची ठेवायची, रस्त्यावर चालवायची नाही, नेआण फ्लॅटबेडवर करायची, असं पहिल्या आठवड्यातच ठरवलं. विमा कंपनीला बदलांचं पत्र दिलं, उत्तराला १९ दिवस लागले. पत्राची पोच घेऊन ठेवा. बदल कळवले नसतील तर क्लेमच्या वेळी तेवढंच कारण पुरतं.

इंधनाची गंमत वेगळीच. सांगली-सातारा पट्ट्यात कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मळीपासून, उसाच्या रसापासून इथेनॉल काढतात. कुपवाडहून निघालं की उसाच्या ट्रॉल्यांमागून पुढे जाता येत नाही. पण कारखान्याच्या गेटवर जाऊन वीस लिटर मागता येत नाही. स्पिरिटवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा ताबा असतो आणि इंधनाचं इथेनॉल थेट तेल कंपन्यांकडे जातं. ई१०० पंपावर मिळतं, पण मोजक्याच ठिकाणी. पुण्यात जून २०२१ मध्ये तीन पंपांवर त्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, आणि मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या १८३ पंपांवर ते आलं. आम्हाला डायनोही पुण्यातच मिळत होता. काखेत कळसा आणि पुण्याला वळसा.

ई१०० म्हणजे शुद्ध इथेनॉल नव्हे, हे हिशेबाला लागतं. त्यात ९३ ते ९३.५ टक्के इथेनॉल, ५ टक्के पेट्रोल आणि दीड टक्का को-सॉल्व्हंट असतं. ई५० करायचं तर ई२० मध्ये ते किती घालायचं? ५० मधून २० वजा केले, ३०. ९३ मधून २० वजा केले, ७३. ३० भागिले ७३ म्हणजे ४१ टक्के. ४० लिटरच्या मिश्रणात साडेसोळा लिटर ई१०० आणि साडेतेवीस लिटर ई२०.

ई५०च का, ई८५ का नाही? पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ई२० साठी हा आकडा १३.५ येतो, ई५० साठी ११.८, ई८५ साठी ९.८. म्हणजे ई२० वरून ई५० वर गेलं तर तेवढ्याच हवेला १३ ते १५ टक्के जास्त इंधन लागतं. ई८५ ला हाच फरक तिशीच्या पुढे जातो, मग पंप, इंजेक्टर, सगळंच आणखी मोठं लागेल असं तेव्हा वाटलं. शिवाय नॉक (मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच आपोआप पेटून बसणारा ठोका) रोखण्याचा बराचसा फायदा ई५० पर्यंत पदरात पडतो, पुढे तो कमी कमी होत जातो.

सामानाची ऑर्डर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. एमएस३ जातीचा स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक, कंपनीच्या संगणकाऐवजी) ६२,००० रुपये, ५५० सीसीचे चार इंजेक्टर साडेअठरा हजार, इथेनॉलला चालणारा इन-टँक पंप साडेनऊ हजार, फ्लेक्स-फ्युएल सेन्सर (इंधनातलं इथेनॉल मोजणारा) ७,८००, वाइडबँड (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा सेन्सर) १६,०००. सेन्सर आणि इंजेक्टर बाहेरून मागवले आणि पार्सल मुंबईत कस्टम्समध्ये नऊ दिवस बसलं. कुरिअरवाल्यांनी केवायसीसाठी पॅन-आधार मागितलं, ते लगेच दिलं. घोडं अडलं ते इन्व्हॉइसवर. त्यात नुसतं 'कार पार्ट' लिहिलेलं होतं. प्रत्येक वस्तूचं नाव आणि किंमत असलेलं नवं इन्व्हॉइस पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी सुटलं, ड्युटी ९,३०० रुपये. विक्रेत्याला ऑर्डर देतानाच इन्व्हॉइस नीट लिहायला सांगा, आठवडा वाचतो.

पार्सल येईपर्यंत इंजिनाची तब्येत बघून घेतली. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घेतलं: १६८, १७२, १६५, १७० पीएसआय. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर इथेच थांबा. दुबळ्या सिलिंडरवर टायमिंग बसवलं तर बाकीचे तीन उपाशी, आणि चांगल्यांवर बसवलं तर दुबळा मरतो.

मग रबर. टाकीबाहेरच्या पाइपला आर९ दर्जाची नळी किंवा पीटीएफई लागते. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेल्या तुकड्याला मात्र आर१०च. तिथे आर९ घातली तर ती बाहेरून कुजते, कारण तिचा चांगला थर फक्त आतल्या बाजूला असतो. इंजेक्टरच्या ओ-रिंग व्हायटॉनच्या. पंपाला बॅटरीपासून वेगळी ४ चौ. मिमी वायर, रिले आणि फ्यूज, कारण जुन्या बारीक वायरीतून मोठ्या पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. फ्युएल प्रेशर ३ बार, बूस्टबरोबर (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाबरोबर) एकास एक वाढणारं. प्रेशर सेन्सरचं आउटपुट ईसीयूत नोंद होईल अशी वायर आत्ताच ओढून घ्या. तिचं काम पुढे पडलं. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घेतले आणि गॅप ०.८ वरून ०.६५ मिमी केली. बूस्टमध्ये दाट हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप मोठी ठेवली की पाच हजाराच्या वर मिसफायर येतो आणि तो नॉकसारखाच वाटतो.

आता टायमिंगची खरी सुरुवात. लॅपटॉपवर १५ डिग्री दिसतं म्हणून क्रँकवर १५ डिग्री असेलच असं नाही. ईसीयूचा आकडा आणि क्रँकचा आकडा जुळवून घेतल्याशिवाय टेबलाला काही अर्थ नाही, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

आमच्या पुलीवर भरवशाची खूण नव्हती, म्हणून टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतानाची क्रँकची जागा) शोधण्यापासून सुरुवात. बॅटरीची वायर काढली, चारही प्लग काढले. जुन्या प्लगमधलं पोर्सलीन फोडून त्यात बोल्ट बसवला, टोक गोल घासलं आणि तो एक नंबरच्या भोकात लावला. पाना घेऊन क्रँक हाताने, अगदी हळू, घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. पिस्टन बोल्टाला टेकला की थांबायचं आणि पुलीवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ. मग उलट दिशेने फिरवत दुसऱ्या बाजूने टेकेपर्यंत, पुन्हा रेघ. दोन रेघांमधलं अंतर पुलीच्या कडेने चिकटपट्टी लावून मोजलं: ६१ मिमी. बरोबर मध्ये, साडेतीस मिमीवर, टीडीसी. पुलीचा व्यास १४० मिमी, म्हणजे परीघ ४४० मिमी, भागिले ३६०, एक डिग्री म्हणजे १.२२ मिमी. चिकटपट्टीवर १२.२ मिमीवर १० ची आणि २४.४ मिमीवर २० ची रेघ मारली. रेघ शिसपेन्सिलीइतकी बारीकच हवी, स्केच पेनाची जाडी म्हणजेच अर्धी-पाऊण डिग्री होते.

सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० डिग्रीवर लॉक केलं आणि टायमिंग लाइट लावला. कॉइल प्लगवरच बसते, त्यामुळे लाइटच्या चिमट्याला वायरच नसते. कॉइल आणि एक नंबरच्या प्लगमध्ये एक एचटी लीडचा तुकडा जोडून घ्यायचा आणि चिमटा त्यावर. ट्रिगर अँगल (क्रँक सेन्सरची खूण टीडीसीपासून किती कोनावर, ते ईसीयूला सांगणारा आकडा) बदलत बदलत आयडलला १०ची रेघ बरोबर खुणेवर आणली. इथवर मजेत.

मग थ्रॉटल देऊन ४,००० आरपीएमवर बघितलं तर लाइटमध्ये ६ डिग्री. सॉफ्टवेअरमध्ये १० लॉकच होतं. इलेक्ट्रिशियन अण्णांनी आधी लाइटला दोष दिला, म्हणून दुसरा लाइट आणला. तोही ६ दाखवतो. दीड दिवस गेला. कारण निघालं क्रँक सेन्सरच्या दोन वायरी. हा सेन्सर चुंबकी, त्याच्या सिग्नलची एक कड उभी आणि नेमकी असते, दुसरी आळसावलेली. आमच्या लूममध्ये वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या आणि ईसीयू आळशी कडेवर मोजत होता. वेग वाढला की चूक वाढते. वायरी अदलाबदल केल्या, ट्रिगर अँगल नव्याने लावला, आणि ९०० पासून ५,००० पर्यंत रेघ १० वर गप्प बसली. हे न बघता आम्ही टेबल भरलं असतं, तर डायनोवर जो आकडा 'सुरक्षित' ठरला असता तो मुळात खरा नसता. आणि पुढे कधी कुणी त्या वायरी सरळ केल्या असत्या, तर इंजिनाला एकदम चार डिग्री जादा मिळाले असते.

डिसेंबरच्या शेवटी ई२० वर इंजिन चालू झालं. पंपावरून आणलेलं ई२० खरंच ई२० आहे का, ते तपासायची सोपी रीत आहे. १०० मिलीच्या काचेच्या मोजपात्रात ९० मिली इंधन आणि १० मिली पाणी घालायचं, तोंड बंद करून मिनिटभर हलवायचं आणि दहा मिनिटं ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं, खाली वेगळा थर दिसतो. ई२० असेल तर ९० मिलीत १८ मिली इथेनॉल, अधिक आपलं १० मिली पाणी, रेघ २८ च्या आसपास. अंदाज म्हणून चांगली चाचणी आहे, पण फ्लेक्स सेन्सर जास्त नेमका. त्याचा हिशेब सोपा: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० हर्ट्झ म्हणजे १००. ७० हर्ट्झ दिसले की ई२०. १५० च्या वर गेला तर इंधनात पाणी किंवा घाण आहे असं समजायचं.

वाइडबँडचा डिस्प्ले एएफआरवरून (हवा-इंधन प्रमाणावरून) लॅम्डावर बदला, ही कळकळीची विनंती. एएफआरचं मीटर पेट्रोलचं १४.७ धरून आकडा दाखवतं, ई५० वर ते डोक्यात गोंधळ करतं. लॅम्डाला इंधन कुठलं याच्याशी देणंघेणं नाही, १ म्हणजे १: हवा नेमकी पुरेशी, त्याखाली इंधन जास्त. फुल बूस्टमध्ये आम्ही ०.८० धरला.

जानेवारीत आयडल, कोल्ड स्टार्ट आणि कमी लोडचं काम शेडमध्येच झालं. इथेनॉलची वाफ थंडीत लवकर होत नाही. मिरजेकडच्या शेडमध्ये सकाळी १३-१४ अंश असताना ई२० च्या सेटिंगवर ई५० चालूच होईना, क्रँकिंगचं इंधन ५० टक्के वाढवावं लागलं. क्रँकिंगला टायमिंग ८ डिग्री ठेवलं. तिथे जास्त दिलं तर स्टार्टरला उलटा झटका बसतो.

डायनोची तारीख फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाली, तीन आठवडे थांबून. दोन दिवसांचे ३०,०००, फ्लॅटबेड जाऊन-येऊन १७,०००. जाताना मुद्दाम टाकीत फक्त ई२० ठेवलं, २५ लिटर. पहिला दिवस ई२० चा.

डायनो लोड धरणारा हवा, नुसता रोलर फिरवणारा नको. टायमिंग बघायचं तर आरपीएम आणि मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) एका जागी रोखून धरून एकेक डिग्री बदलता आलं पाहिजे. मॅनिफोल्ड प्रेशरही अ‍ॅब्सोल्यूट घ्या, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, बूस्ट गेजचा आकडा नव्हे. सांगली आणि पुणे दोन्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या जवळ, त्यामुळे पुण्याचं टेबल सांगलीला तसंच लागू पडतं.

नॉक ऐकायला दोन कान होते. एक ब्लॉकवरचा सेन्सर, २० न्यूटन-मीटरवर कसलेला. ७२ मिमी बोअरला नॉकची पट्टी ८ किलोहर्ट्झच्या आसपास येते, फिल्टर तिथे लावला. दुसरा देशी: तांब्याच्या नळीचं टोक चपटं करून भोक पाडलं, ब्लॉकच्या बोल्टाखाली कसलं, नळीच्या दुसऱ्या टोकाला रबरी पाइप आणि तो कानावरच्या मफ्समध्ये. ऐकायला हास्यास्पद, पण खरा नॉक एकदा त्यातून ऐकला, काचेवर खडा पडावा तसा, की पुन्हा चुकत नाही.

३,५०० आरपीएम, १७० किलोपास्कल, ई२०. १० डिग्रीला चाकावर १६३ न्यूटन-मीटर, ११ ला १६७, १२ ला १७०, आणि १३ ला मफ्समध्ये खडे पडायला लागले. टॉर्क अजून वाढत होता, नॉक आधी आला. अशा जागेला नॉकने अडवलेली जागा म्हणायचं. तिथे नॉकच्या आधीच्या आकड्यातून एक डिग्री कमी, म्हणजे ११. अशीच १० डिग्री ३,००० ला, १२ डिग्री ४,००० ला, साडेचौदा ५,००० ला, साडेसोळा ६,००० ला.

दुपारी ५,२०० च्या पुढे नॉक आला, अपेक्षेपेक्षा फार लवकर. पहिला विचार असा की तिथलं टायमिंग दोन डिग्री मागे घ्यावं आणि पुढे जावं. लॉग उघडला तर लॅम्डा ०.८० वरून ०.८८ वर सरकत होता, आणि फ्युएल प्रेशर ३.७५ बार असायला हवं तिथे ३.१. टायमिंगचा काही दोष नव्हता, इंजिन उपाशी होतं. फिल्टर काढून उलटा झटकला तर चॉकलेटी चिकट पाणी. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा राळ धुऊन आणतं, आणि आम्ही जानेवारीत शेडमध्ये ई५० चालवल्यावर फिल्टर बदललाच नव्हता. पहिल्या टाकीनंतर फिल्टर बदलायचा असतो हे माहीत असून राहिलं. नवा फिल्टर शोधण्यात अर्धा दिवस गेला, डायनोचं मीटर चालूच. जास्तीचा फिल्टर बरोबर ठेवा, शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फ्लॅटबेडवरच ई१०० च्या पंपावर नेली. टाकीत साधारण १० लिटर ई२० उरलं होतं, त्यात ७ लिटर ई१००. परत येऊन रिटर्नमधून इंधन फिरवत ठेवलं, सेन्सरचा आकडा दहा मिनिटांत चढत चढत ४९ ते ५० वर थांबला. आकडा थांबेपर्यंत लोड द्यायचा नाही.

आणि आता या लेखाचा गाभा. तीच जागा, ३,५०० आणि १७० किलोपास्कल, ई५०. १२ डिग्रीला १७२, १४ ला १८०, १६ ला १८५, १७ ला १८७, १८ ला १८८. मफ्समध्ये शांतता, नॉक सेन्सर सपाट. डायनोवाला म्हणाला, "दादा, काहीच आवाज नाही. अजून चार टाकू का? जागा आहे."

"एकच टाका. आणि कान नको, टॉर्क बघा."

१९ ला १८८. २० ला १८७. आवाज अजूनही नाही.

ई२० वर नॉक हा चौकीदार असतो, हद्द आली की तो ओरडतो. ई५० वर चौकीदार झोपलेला असतो आणि हद्द त्याच्या आधीच येऊन जाते. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त आहेच, शिवाय बाष्प होताना ते पेट्रोलच्या अडीच पटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, आत जाणारी हवा गार होते. त्यामुळे नॉक लांब जातो. पण सगळ्यात जास्त टॉर्क देणारं टायमिंग काही त्याच्याबरोबर लांब जात नाही. ते ज्वालेच्या वेगावर ठरतं आणि इथेनॉलची ज्वाला पेट्रोलपेक्षा हळू नाही. सिलिंडरमधला दाब टीडीसीनंतर १४ ते १६ डिग्रीला शिखरावर आला की क्रँकला त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. त्याहून आधी आणलं तर टॉर्क तेवढाच राहतो आणि दाब मात्र चढत जातो. तो दाब हेड गॅस्केट, रिंग लँड (पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा) आणि कनेक्टिंग रॉड सोसतात, आणि ते आवाज करत नाहीत. एक दिवस थेट तुटतात. इथेनॉल गाड्यांच्या 'नॉक नव्हता तरी रॉड वाकला' अशा कथा ऐकतो, त्यांतल्या बऱ्याच इथे सुरू होतात.

म्हणून नियम असा केला: एक डिग्री वाढवून टॉर्क एक टक्काही वाढत नसेल तर थांबायचं, आणि तिथून एक डिग्री परत. १७ वरून १८ ला अर्धा टक्का वाढ, म्हणजे १७ वर थांबलो आणि १६ लिहिलं. ३,००० ला १४, ४,००० ला १७, ५,००० ला १९, ६,००० ला २१. ई२० पेक्षा चार ते पाच डिग्री जास्त, पण फक्त बूस्टमध्ये.

बूस्टच्या खाली चित्र पालटतं. २,५०० आरपीएम, ४५ किलोपास्कल, साध्या चालीची जागा. ई२० वर ३४ डिग्री, ई५० वर ३४, ३६ दिलं तरी टॉर्क तोच. या जागेला नॉकने अडवलेलंच नव्हतं, मग इथेनॉल तिथे मोकळं काय करणार? १०० किलोपास्कलच्या आसपास दोन डिग्रीचा फरक निघाला. सरसकट चार घाला म्हणणाऱ्यांचं टेबल इथे चुकतं: खाली उगाच जास्त, वर कदाचित कमी.

इंजेक्टरची ड्यूटी (उघडं राहण्याचा वेळ) ६,००० ला ४८ टक्के. ई८५ लाही ते पुरले असते.

मार्चमध्ये सांगलीत परत आल्यावर दोन टेबलांची सांगड घालायचं काम उरलं. ईसीयू सेन्सरच्या टक्क्यावरून ई२० आणि ई५० च्या टेबलांमधला आकडा काढतो. सुरुवातीला सरळ रेषा ठेवली, ई३५ म्हणजे बरोबर अर्धं. ई५० च्या पुढे मात्र काही वाढवायचं नाही, टाकीत ई७० आलं तरी टायमिंग ई५० चंच. जिथे मोजलेलं नाही तिथे गणिताला जाऊ द्यायचं नाही.

सेन्सर मेला तर काय, यावर दोन संध्याकाळी गेल्या. काही ईसीयूत 'सेन्सर बंद तर ई० धर' अशी सोय असते आणि ती टायमिंगसाठी बरोबर, इंधनासाठी घातक. टाकीत ई५० आणि ईसीयू पेट्रोलचं इंधन देतोय, म्हणजे २० टक्के कमी. आमची मांडणी अशी: सेन्सर गेला की इंधन शेवटच्या चांगल्या आकड्यावर, टायमिंग ई२० च्या टेबलावर, आणि बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोचा जादा जोर सोडून देणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, १४५ किलोपास्कल. सेन्सरची वायर चालू इंजिनात उपटून तिन्ही गोष्टी होतात का, ते लॉगमध्ये बघून घेतलं. न बघता यावर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे पहिल्या वेळी बूस्ट कमी झालाच नव्हता, बूस्ट आवरणाऱ्या सोलेनॉइडचं आउटपुट दुसऱ्याच पिनला लावलेलं होतं.

हवेच्या तापमानाचं टेबल एप्रिलसाठी. सांगलीत बाहेर ४० अंश, तर इंटरकूलरनंतर ६० सहज. ४५ अंशांपर्यंत काही नाही, ५५ ला दोन डिग्री मागे, ६५ ला चार. ई५० ला हेच आकडे निम्मे पुरले असते असं वाटतं, कारण इंधनाचा गारवा सेन्सरच्या पुढे, पोर्टात तयार होतो आणि सेन्सरला तो दिसतच नाही. तरीही निम्मे केले नाहीत. उन्हाळ्यात दोन डिग्री गमावून झोप लागते.

डायनोनंतर तेल लगेच बदललं. काठी नाकाशी धरली तर तेलाला सौम्य स्पिरिटचा वास येत होता. थोडा वेळ चालवून बंद करण्याचं हे फळ, इंजिन नीट तापलं की ते बरंचसं उडून जातं. प्लग काढून बघितले: पोर्सलीन स्वच्छ, मिरीसारखे काळे ठिपके नाहीत, म्हणजे नकळत नॉक झालेला नाही. प्लगच्या वाकड्या ग्राउंड पट्टीवरची निळसर रेघ वळणाच्या मध्यावर. ती पार बुडापर्यंत गेली असती तर टायमिंग जास्त, टोकाशीच राहिली असती तर कमी. चारही सिलिंडरांची रेघ एका ओळीत आली, फक्त तीन नंबरची किंचित खाली. पुढच्या फेरीत त्या एकट्या सिलिंडरला अर्धी डिग्री कमी देऊन बघायचं आहे.

नळ्या, फिटिंग आणि प्लग धरून सगळा खर्च १,८४,३०० रुपये. वेळेतले वायरी उलट लागल्याचे दीड दिवस आणि फिल्टरचा अर्धा दिवस टळू शकले असते.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी फार झालं की इथेनॉलसकट खाली बसतं, तेव्हा वर उरतं कमी ऑक्टेनचं पेट्रोल आणि पंपाच्या तोंडाशी पाणी. मेअखेर ई५० काढून टाकलं, टाकी ई२० ने काठोकाठ भरली आणि इंजिन वीस मिनिटं चालवलं. सेन्सर ५० वरून उतरत उतरत २२ वर थांबला, तेव्हा बॅटरीची वायर काढली.